मी हितंच बाळंत होणार

आमच्या एचआयव्ही सेंटरच्या काउन्सिलर ताईंनी मला हे लिहायला सांगितलं. म्हणाल्या, "नव्या पोरी लई घाबरून येतात. त्यांना वाचायला काहीतरी दे. फक्त जरा पॉझिटिव्ह लिही."

मी म्हटलं, "ताई, तेवढं तर मी जन्मापासून हाय."

त्या हसल्या, मीही हसले. पण घरी येऊन वही उघडली तर जे आठवलं ते सगळं रागाचंच आठवलं. दोन दिवस गोड गोड लिहून पाहिलं आणि ती पानं फाडून चुलीत घातली. आता जसं झालं तसं लिहिते.

ज्यांना हे नुकतंच कळलंय त्यांनी आधी एवढं वाचून घ्यावं. मी सत्तावीस वर्षांची आहे. धडधाकट आहे. माझं लग्न झालंय, मुलगी आहे, हाताला काम आहे. या आजारानं मी उद्या मरणार नाही, आणि गोळ्या घेतल्या तर तुम्हीही नाही. हे मनात पक्कं करा आणि मग पुढचं वाचा, कारण पुढं मी चिडलेली आहे.

रक्त कमी हाय

मी चार वर्षांची असताना वडील गेले, आणि दोन वर्षांनी आई. वडिलांना कावीळ झाली होती आणि आईनं हाय खाल्ली, असं घरात ठरलेलं होतं. मी मामाकडे वाढले. चौसाळ्यापासून आत गेलं की आमचं गाव लागतं. मामाची थोडी जमीन, बाकी शेळ्या-मेंढ्या. घरात मामी आणि त्यांची दोन लेकरं.

नऊ वर्षांची असताना मी सारखी तापायला लागले. मामानं मला नेऊन रक्त तपासलं आणि गोळ्या सुरू झाल्या. सकाळी आणि संध्याकाळी, घड्याळ बघून.

"कशाच्या गोळ्या हायत, मामा?"

"रक्त कमी हाय तुझं."

दर महिन्याला आम्ही दवाखान्यात जायचो. एका दारावर लाल फितीचं चित्र होतं, त्याच्या बाहेरच्या बाकावर बसायचो. मामा रुमालानं अर्धं तोंड झाकून बसायचा. मला वाटायचं, त्याला फिनेलचा वास सहन होत नाही.

घरात माझं ताट वेगळं होतं. मामीनं त्याच्या काठावर खिळ्यानं फुली मारली होती. मला ती फुली आवडायची. माझं ताट कुणी घेऊ नये म्हणून मामीनं लाडानं खूण केली, असं मी समजत होते. सहा वर्षं तसंच समजत होते.

तिसरा बाक

नववीत असताना शाळेत बाहेरून एक सर आले, आरोग्यावर बोलायला. त्यांनी फळ्यावर एक पोस्टर टांगलं. त्याच्यावर तीच लाल फीत होती.

मी तिसऱ्या बाकावर होते. सर म्हणाले, "हा रोग कुणाला होतो? जे वाईट वागतात त्यांना होतो." मागच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मग सर म्हणाले की याच्यावर उपाय नाही, मरेपर्यंत रोज ठरलेल्या वेळेला गोळ्या घ्याव्या लागतात.

ठरलेल्या वेळेला. घड्याळ बघून.

इतरांना हे डॉक्टर सांगतात, समोर बसवून, पाणी वगैरे देऊन. मला पोस्टरनं सांगितलं. माझ्या बाजूला बसलेली मैत्रीण कानात म्हणाली, "छी गं." मी पण मान हलवली. तास संपेपर्यंत मी एकच गोष्ट शोधत होते, नऊ वर्षांची असताना मी काय वाईट वागले होते.

घरी आले तेव्हा मामा वाड्यात शेळ्या बांधत होता. मी दप्तर पाठीवर ठेवूनच विचारलं.

"मामा, मला एड्स हाय का?"

मामानं आधी माझ्याकडं पाहिलंच नाही. आधी कुंपणापलीकडं पाहिलं, शेजारच्या अंगणात कुणी आहे का ते. मग म्हणाला, "हळू बोल."

माझ्या आजाराचं निदान म्हणजे हे दोन शब्द.

"कावून न्हाई सांगितलं मला?"

"सांगून काय करनार व्हतीस? शाळेत बोलली असतीस कुठंतरी. मंग आपलं गावात राहनं झालं असतं का?"

"आईबाबा?"

मामानं दाव्याची गाठ दोनदा मारली. "तुझ्या बापाकडून तिला, आन् तिच्याकडून तुला. तुझा काय बी दोष न्हाई."

मामी दारात उभी होती. ती म्हणाली, "आता कळलं ना? मंग आता तोंड बंद ठिव."

त्या रात्री जेवताना मला त्या फुलीचा अर्थ कळला. मी ताट तसंच सरकवून उठले.

तुमच्या घरात असं लेकरू असेल तर त्याला सांगा. दहा-बारा वर्षांचं झालं की सांगा, तुमच्या तोंडानं, जवळ घेऊन. घाबरेल, रडेल. पण तुम्ही नाही सांगितलं तर ते कुठल्यातरी तिसऱ्या बाकावर बसून ऐकेल, आणि मग तुमच्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही.

मी गोळ्या टाकल्या

मी गोळ्या बंद केल्या. मामीसमोर तोंडात टाकायचे, वाड्यात जाऊन उकिरड्यावर थुंकायचे. मरायचंच असेल तर मी ठरवीन तेव्हा, असं वाटत होतं. आज त्या पंधरा वर्षांच्या पोरीवर मी चिडत नाही. तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

दहावीची परीक्षा कशीबशी दिली. तोवर खोकला लागला होता. मग रोजचा ताप, मग जेवण तुटलं. एक दिवस पाण्याची कळशी उचलताना मी तिथंच बसले आणि उठता येईना. मामानं मला मोटारसायकलवर मध्ये बसवलं आणि मामीनं मागून दोन्ही हातांनी धरलं. तिचं तोंड एका बाजूला वळवलेलं होतं, पण हात घट्ट होते.

टीबी निघाला. पाच आठवडे दवाखान्यात काढले.

माझी खाट वॉर्डाच्या अगदी टोकाला, संडासाच्या दाराजवळ. बाकी खाटांच्या जवळ जवळ रांगा होत्या, माझ्या बाजूला मात्र मोकळी जागा सोडलेली. सकाळी सहाला फरशी पुसायचे, मग गोळ्या, मग इंजेक्शन. दहाला डॉक्टरांचा राऊंड. ते माझ्या पायाशी उभे राहून फाइल वाचायचे, फाइलशीच बोलायचे आणि निघून जायचे. पाच आठवड्यांत मला कुणी "कसं वाटतंय" विचारलं असेल तर ते शेवंताबाईंनी. त्या तिथं आया होत्या. कामावर आल्या की पहिल्यांदा माझ्याकडं यायच्या आणि माझे केस विंचरायच्या. केस मूठमूठ गळत होते. त्या गळालेला गुंता गुपचूप पदरात बांधायच्या, म्हणजे मला दिसू नये.

मामी खाली सतरंजी टाकून झोपायची. तीन दिवस ती शेवंताबाईंच्या हाताकडं बघत होती. चौथ्या दिवशी तिनं त्यांच्या हातातून कंगवा घेतला. इतक्या वर्षांत माझ्या डोक्याला मामीचा हात लागला नव्हता. विंचरता विंचरता मागूनच बोलली.

"मी भेत व्हते गं. माझी दोन लेकरं ल्हान. शिवल्यानं व्हत न्हाई, हे कुनी सांगितलंच न्हाई."

"मंग इचारायचं ना कुनाला."

"कुनाला इचारायचं? इचारलं की कळतंय ना त्याला."

दुसऱ्या दिवशी काउन्सिलर ताई आल्या. याच, ज्यांनी मला लिहायला लावलं त्या. तेव्हा नवीनच लागल्या होत्या. त्यांनी मामीला माझ्या खाटेवर बसवलं आणि कागदावर पेन्सिलीनं चित्रं काढून समजावलं, कशानं होतं, कशानं होत नाही, गोळ्या काय करतात. मामीनं चार-पाच प्रश्न विचारले. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल.

अर्धा तास. माझं बालपण एका फुली मारलेल्या ताटात गेलं, आणि काम होतं अर्ध्या तासाचं. त्या दिवशी मला बरं वाटायला हवं होतं. मला इतका राग आला की मी भिंतीकडं तोंड करून पडले, आणि ताईंना वाटलं मी झोपले.

पण त्या दिवसापासून आजपर्यंत माझी एकही गोळी चुकलेली नाही. रागानं का होईना, जगायचं ठरलं.

शेळ्यांना चालते

बारावी झाल्यावर मला नर्सिंग करायचं होतं. दवाखान्यात पाच आठवडे पडून मी बघितलं होतं की चांगली नर्स कशी नसते. एका खासगी कॉलेजात अर्ज भरला, नाव लागलं. मेडिकल तपासणीच्या कागदावर मी खरं लिहिलं. तिथल्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दाखवली नाही. म्हणाल्या, "बाळा, पेशंटचा विचार करायला पाहिजे ना आपल्याला."

मी म्हटलं, "मॅडम, मी पेशंटच हाय."

त्यांनी फाइल परत दिली. मला तेव्हा कायदा माहीत नव्हता, नाहीतर मी त्या खुर्चीवर बसले असते आणि उठलेच नसते.

वर्षभर घरी होते. मग गावात बचत गटाकडून पशुसखीचं प्रशिक्षण निघालं. पशुसखी म्हणजे गावातल्या शेळ्यांची देखभाल करणारी बाई. लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, खुरं कापायची, अवघड वेत असेल तर मदत करायची. माझा जन्म शेळ्यांत गेलेला. दोन महिन्यांत मला सगळं यायला लागलं. पहिली शेळी मी सोडवली ती आडव्या पिलाची होती. मनगटापर्यंत हात घालून पिलू वळवलं, ते बाहेर आलं आणि शिंकलं. त्या दिवशी मी घरी येताना रस्त्यानं गाणं म्हणत होते.

चार गावांतल्या बाया मला बोलवायला लागल्या. आल्या आल्या चहा ठेवायच्या. मग माझ्या आजाराचं फुटलं. दवाखान्यात काम करणाऱ्या कुणीतरी आपल्या पाहुण्यांत सांगितलं, पाहुण्यांनी गावात. कुणी ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळलं तर काय करीन तेही माहीत नाही.

पंधरा दिवस मला कुणी बोलावलं नाही. मग शेळ्यांत खोकल्याची साथ आली आणि फोन सुरू झाले. मी गेले. सगळं तसंच होतं, फक्त चहा कागदी कपात यायला लागला. घरातल्यांच्या हातात कपबशी आणि माझ्या हातात कागदी कप. माझा हात त्यांच्या शेळीच्या तोंडात चालत होता, पोटात चालत होता. कपबशीला चालत नव्हता.

महिनाभर गप्प प्यायले. एक दिवस एका घरी कागदी कप समोर आला आणि मी तो ओट्यावर ठेवला.

"काकू, कपबशीत चहा नसंल तर मी सुई बी टोचत न्हाई."

"आगं, तसं न्हाई गं बाई. कप धुवायचे राह्यलेत."

"मंग मी धुते. पानी कुठाय?"

काकू गोरीमोरी झाली. मी पिशवी उचलली आणि निघाले. मामा घरी माझ्यावर ओरडला, आलेलं काम घालवतीस म्हणून. तीन घरं माझी कायमची तुटली. बाकीच्या घरांत आता कपबशीतच चहा येतो. मनातून देतात की भीतीनं, ते मी बघत नाही.

रांगेतली ओळख

बालाजी मला सेंटरच्या रांगेत भेटला. हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. सुरुवातीला दर महिन्याला आमचा नंबर मागेपुढे यायचा, मग तो मुद्दाम माझ्यासाठी थांबायला लागला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात म्हणाला, "तुमी गोळ्या कशासंगं घेता? मला तर लई मळमळ व्हायची सुरवातीला."

दुसऱ्यांच्या प्रेमकथा वेगळ्या सुरू होत असतील. आमची अशी झाली.

लग्नाचं काढलं तर मामानं आधी जात विचारली. मला हसावं की रडावं कळेना. "मामा, रक्तातलं सारखं हाय आमचं, बघा की." मामी मध्ये पडली आणि म्हणाली, "पोरीला समजून घेणारा मिळालाय. आता तुमी हळू बोला." मामा चार महिने अडून बसला, मग एका देवळात साधं लग्न लावून दिलं.

तपासणीत आमच्या दोघांच्याही रक्तात विषाणू सापडत नव्हता, इतका तो गोळ्यांनी दबला होता. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या अशाच चालू ठेवल्या तर बाळ निरोगी होऊ शकतं. तसं दोन वर्षांनी आम्ही ठरवलं. मला दिवस गेले. आठव्या महिन्यापर्यंत मी शेळ्या टोचत हिंडत होते, आणि खोटं कशाला सांगू, मी सुखात होते.

वॉर्ड

ज्या सरकारी दवाखान्यात मी बाळंत झाले त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. असं एकाच ठिकाणी होतं असं तुम्हाला वाटू नये.

सकाळी पाणी गेलं. मी, मामी आणि बालाजी दहाच्या सुमारास तिथं पोचलो. टेबलावरच्या सिस्टरनं फाइल उघडली, पहिलं पान वाचलं आणि फाइल बोटाच्या टोकानं माझ्याकडं ढकलली. मला खाट दिली. मग तिनं एका कागदावर मार्करनं मोठ्या अक्षरांत 'एचआयव्ही' लिहिलं आणि माझ्या डोक्यावर भिंतीला चिकटवलं.

वॉर्डात सात-आठ बाया, त्यांच्या आया, सासवा. सगळ्यांनी वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बाकीच्यांनी सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या पोरीच्या सासूनं तिचा बिछाना गुंडाळला आणि तिला दुसऱ्या भिंतीला नेलं. त्या पोरीला कळा चालू होत्या. ती बिचारी पोट धरून चालत गेली, माझ्यापासून लांब.

अडीच तास मला कुणी हात लावला नाही. बाळाचे ठोके ऐकले नाहीत. कळ आली की मामी कंबर दाबायची. दुपारी सिस्टर आली आणि लांबूनच बोलली.

"तुमची केस इथं होणार नाही. गाडी बोलावलीय. पुढं मोठ्या दवाखान्यात न्या."

मोठा दवाखाना तीन तासांच्या वाटेवर होता.

"कावून न्हाई होणार?"

"गुंतागुंतीची केस आहे."

"कसली गुंतागुंत? बीपी हाय का? लेकरू आडवं हाय का? तुमी तर बघितलंच न्हाई."

"वाद घालू नका. गाडीत बसा."

मी उशीखालून रिपोर्ट काढला. "ह्यात लिहिलंय, माझ्या रक्तात इषाणू सापडत न्हाई. वाचा."

तिनं रिपोर्ट हातात घेतला नाही.

तेव्हा माझ्यात काय शिरलं माहीत नाही. शाळेतले ते सर, त्या केबिनमधल्या मॅडम, कागदी कप, सगळं एकदम वर आलं. मी खाटेवर उठून उभी राहिले, भिंतीवरचा कागद ओढून काढला आणि तिच्यासमोर धरला.

"मंग लिहून द्या. ह्याच कागदाच्या मागं लिहा. ह्या बाईला कशामुळं बाहेर काढलं ते लिहा आन् खाली सही करा. सही करा, मी जाते."

"तुम्ही खाली उतरा आधी."

"सही करा. न्हाईतर मी हितंच बाळंत होणार. ह्या फरशीवर व्हईन."

बालाजी दारात उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मामी मात्र उठली आणि वॉर्डाच्या दाराच्या मधोमध मांडी घालून बसली. पन्नाशीला आलेली बाई. स्ट्रेचर घेऊन आलेला माणूस थांबला.

"बाई, बाजूला व्हा."

"मी हलनार न्हाई," मामी म्हणाली, मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "माझी पोरगी हाय ती. मी बी हलनार न्हाई आन् ती बी हलनार न्हाई."

आवाज ऐकून बाहेरून एक डॉक्टर आली. माझ्याच वयाची असेल. तिनं मामीला ओलांडलं, माझ्याजवळ आली आणि विचारलं, "कळा कधीपासून आहेत?" त्या दवाखान्यात मला विचारलेला तो पहिला प्रश्न. तिनं तपासलं आणि सिस्टरला म्हणाली, "हिला गाडीत घातलं तर गाडीतच बाळंत होईल. आत घ्या. लगेच."

आत सिस्टर आली ती एकावर एक असे दोन हातमोजे घालून, आणि टेबलापासून दोन हात लांब उभी राहिली. डॉक्टर एकटीच सगळं करत होती. बाळाचं डोकं आलं. नाळेचा वेढा मानेला होता. तिनं तो सोडवला, बाळ बाहेर आलं, पण रडेना. "सिस्टर, टॉवेल घेऊन पुढं या," डॉक्टर म्हणाली. सिस्टर हलली नाही. "सिस्टर!" तरी नाही. तेवढ्यात मामी आत घुसली, आपला धुतलेला टॉवेल पसरला आणि बाळाला घेतलं. डॉक्टरनं नाकातोंडातलं साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या.

मी शेळ्यांची कितीतरी पिलं अशी चोळून उठवली होती. मला माहीत होतं की किती वेळ झाला म्हणजे आशा सोडतात. मी मनात मोजत होते.

मग ती रडली. मुलगी होती.

मिटवून टाका

बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात मी तक्रार लिहिली. आपल्यासाठी कायदा आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, नोकरी-शिक्षण नाकारता येत नाही, आणि तुम्हाला न विचारता तुमचं नाव फोडता येत नाही. हे ताईंनी मला समजावलं, आणि तुम्हीही पाठ करून ठेवा.

तक्रारीवरून आमच्या घरात पहिल्यांदा मोठं भांडण झालं. बालाजीच्या दुकानावर त्याचा आजार कुणालाच माहीत नव्हता.

"तू कागद देशील, चौकशी व्हईल, नाव निघंल. मंग माझ्याकडं हवा भरायला कोन थांबंल? पोरगी नीट हाय ना? सोडून दे."

"ती नीट हाय ती त्यांच्यामुळं न्हाई. ते काढून द्यायला निघाले व्हते, तरी नीट हाय."

"मी न्हाई येनार तुझ्यासंगं."

"नका येऊ."

तो खरंच आला नाही. मी त्याच्यावर रागावले, अजूनही थोडी आहे. पण त्यानं मला अडवलंही नाही. प्रत्येक तारखेला तो दुकान बंद ठेवून आम्हाला एसटीत बसवून द्यायचा. माणसं अर्धी धीट असतात. अर्ध्या धीटाबरोबरही संसार होतो.

तारखा पडत राहिल्या. मधल्या काळात मुलीच्या तपासण्या झाल्या. दीड वर्षाची झाली तेव्हा शेवटची झाली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. ताई रडल्या, मामी रडली. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं, बराच वेळ धूत राहिले.

चौकशी झाली तेव्हा ती दोन वर्षांची होत आली होती. मामी तिला घेऊन बाहेर बाकावर बसली आणि मी आत गेले. एक साहेब, एक मॅडम, आणि समोर ती सिस्टर. साहेबांनी कागद चाळले आणि समजुतीनं म्हणाले, "मूल निगेटिव्ह आहे ना आता? मग कशाला ताणता? मिटवून टाका."

मी म्हटलं, "साहेब, मूल निगेटिव्ह हाय. मी पॉझिटिव्ह हाय. तक्रार माझी हाय."

बाजूच्या मॅडमनी तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं आणि माझं म्हणणं लिहून घ्यायला सुरुवात केली. त्या तरुण डॉक्टरनंही लेखी जबाब दिला होता, जसं घडलं तसा. सिस्टर म्हणाली, "मला भीती वाटली. माझंही घरी तान्हं बाळ होतं." तिला कुणी अर्धा तास बसवून पेन्सिलीनं चित्र काढून दिलं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण ती शिकलेली होती, मामी नव्हती. मी माफ केलं नाही.

तिला लेखी ताकीद मिळाली. खाटेवर कागद लावू नये, असा हुकूम निघाला. एवढंच. मला वाटलं होतं, जिंकल्यावर हलकं वाटेल. भूक लागली होती, तेवढंच कळलं.

मी बाहेर येऊन मुलीला कडेवर घेतलं. मागून सिस्टर आली.

"माझी नोकरी गेली असती," ती म्हणाली.

"माझं लेकरू गेलं असतं," मी म्हटलं.

 तिचे डोळे भरले होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मग तिनं मुलीकडं पाहिलं आणि विचारलं, "नाव काय ठेवलं?"

मी उत्तर देणार नव्हते. पण दोन वर्षांच्या पोरीला कुणी नाव विचारलं की ती थांबते होय? तिनं तोंडातलं बोट काढलं आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, माझं नाव मध्ये घालून, बोबडं, खणखणीत. सिस्टरनं हात पुढं केला, उघडा हात, आणि तिच्या गालाला लावला.

मला ते आवडलं नाही. पण मी लेकराला मागं ओढलं नाही.